आक्काला ऐकू जाईल असं

हनुमानला खोटं बोलता येत नाही, हे योगिनीला चोवीस वर्षांच्या संसारात पुरतं कळलेलं होतं. तरी तिनं हे काम त्याच्यावरच सोपवलं होतं. आणि आता तो शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधून, अर्धवट उभ्या मंडपाखालून, बाहीनं कपाळ पुसत ज्या चालीनं येत होता ती बघून तिला वाटलं, ह्यापेक्षा म्हशीला पढवून पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

"बोललात?"

"बोललो की."

"कसं बोललात?"

"तू सांगितलं तसंच."

"फारूखभाईंशी बोलायचं होतं. शिवाभाऊंशी नाही. त्यांनी नुसतं ऐकायचं होतं."

"ऐकलं त्यानं," हनुमान म्हणाला. "चांगलं ऐकलं." आणि तो पाणी प्यायला घरात गेला. तिला खोदून विचारायचं होतं, पण तेवढ्यात आतून कुणी तरी हळकुंडं कुठं ठेवलीत म्हणून हाक मारली. मोनालीच्या लग्नाला दोन दिवस उरले होते. पडेगावच्या त्या तीन खोल्यांच्या घरात सतरा पाहुणे उतरले होते आणि सासूबाई, म्हणजे बानाबाई, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मोजत होत्या. आयुष्यभर मेंढरं मोजलेली बाई. आता माणसं मोजत होती, आणि दर वेळी एक कमी भरत होतं.

खेळ योगिनीच्याच डोक्यातून निघाला होता. मोनालीच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिनं एक जुनं विनोदी नाटक बघितलं होतं. त्यात दोन तोंडाळ माणसं होती, एक बाई आणि एक बुवा. लग्नाचं नाव काढलं की अंगावर यायची, आणि एकमेकांचं तर नावही नको. मग त्यांचे दोस्त काय करतात, तर बाईला ऐकू जाईल असं आपसात बोलतात, की तो बिचारा हिच्यासाठी झुरतोय. आणि बुवाला ऐकू जाईल असं बोलतात, की ती त्याच्यासाठी रडतेय. दोघं झाडाआड लपून ऐकतात आणि लोण्यासारखी विरघळतात. अर्ध्या तासात सगळं जमलं. योगिनी घरी येताना रिक्षात एकटीच हसत होती, कारण ती दोन माणसं तिच्या ओळखीची होती.

एक शीलाआक्का, हनुमानची थोरली बहीण. वय अठ्ठेचाळीस. बाविसाव्या वर्षी, लग्नाला एक वर्ष होतं न होतं तोच, नवऱ्याचं घर सोडून आली ती परत गेली नाही. का आली ते तिनं आईशिवाय कुणाला सांगितलं नाही. शिलाई मशीन घेतलं, गुलमंडीतल्या दुकानांचे ब्लाऊज शिवायला लागली, आणि भावाच्या घरात राहिली. दुसरा शिवशंकर, म्हणजेच शिवाभाऊ. लासूर स्टेशनच्या शाळेत हनुमानच्या बाकावर बसणारा, आता बिडकीनला मंडपाचा धंदा करणारा. बायको जाऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात कसलंही कार्य निघालं की मंडप शिवशंकरचा, आणि मंडप उभा राहिला की त्याच्याखाली त्या दोघांचं भांडण. मुंजाबा, म्हणजे योगिनीचे सासरे गेले तेव्हा तेराव्याच्या मंडपातही, सतरंज्या ओल्या आणल्या म्हणून आक्कानं त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, आणि "ओल्या नाहीत शीलाबाई, गार आहेत," असं म्हणून त्यानं आणखी झापून घेतलं होतं.

"आई, मी गेल्यावर आत्याचं काय?" असं मोनालीनं महिन्यापूर्वी विचारलं, तेव्हा योगिनीला ते नाटक आठवलं. लेकीच्या प्रश्नामुळं आठवलं, असं ती स्वतःला सांगत होती.

शिवशंकरला पटवायचं काम पुरुषांचं. आक्काचं काम तिनं स्वतःकडं घेतलं होतं, आणि जोडीला अमिना, शेजारच्या फारूखभाईंची बायको, आक्काची वीस वर्षांची मैत्रीण. घरात पाहुण्यांमुळं पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून आक्कानं मशीन मंडपात एका कोपऱ्यात नेलं होतं. तिच्या मागं शिवशंकरच्या माणसांनी पिवळी कनात ताणली होती. कनातीच्या ह्या बाजूला भांडी घासायची मोरी. जागा इतकी सोयीची होती की योगिनीला त्यात देवाचा हात दिसला.

चारच्या सुमाराला दोघी परात घेऊन मोरीवर बसल्या. पलीकडं मशीन खडखडत होतं. अमिनानं डोळ्यांनी विचारलं, सुरू करू? योगिनीनं मान हलवली.

"वो शिवशंकरभाई का चेहरा देखा क्या तुम?" अमिना मोठ्यानं म्हणाली. "कैसा सूख गया बिचारा."

"सुकणारच," योगिनी म्हणाली. "मन दुसरीकडं असल्यावर अन्न कसं अंगी लागेल? ह्यांच्याजवळ रडले म्हणे. आपल्या आक्कासाठी."

मशीन थांबलं.

अमिनाचे डोळे चमकले. "तो फिर शीलाको बोलते कायकू नहीं?"

"नको गं बाई. आक्काला कळता कामा नये." हे सगळं ठरल्याप्रमाणं होतं. इथं आक्काच्या स्वभावाबद्दल दोन शब्द बोलायचे होते; नाटकातही तसंच होतं. "त्या त्यांची चेष्टा करतील. जीभ कशी आहे ती माहीत आहे ना तुला? समोरच्याचं काही चांगलं दिसतच नाही त्यांना. त्यांनी केलं तेच बरोबर."

"हौ, मगर दिल की अच्छी है," अमिना म्हणाली. हेही ठरलेलं होतं. आता योगिनीनं "हो, ते मात्र आहे" असं म्हणायचं होतं.

तिनं तोंड उघडलं, आणि ते वाक्य आलं नाही. सकाळपासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मुलीच्या लग्नाचा रुखवत कुठं मांडायचा हे पाहुण्या बायकांनी आक्काला विचारलं होतं. ती शेजारीच उभी होती, मुलीची आई; तिला कुणी विचारलं नव्हतं.

"चांगल्या असतील," ती म्हणाली. "मला चोवीस वर्षांत चांगल्या-वाईटाचा विचार करायला जागाच कुठं मिळाली? माझ्या पहिल्या दिवाळीला मी चकलीचं पीठ भिजवलं होतं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी ते उचलून शेजारी देऊन टाकलं आणि दुसरं भिजवलं. एक शब्द नाही सांगितला."

हे ठरलेलं नव्हतं.

"दिवसभर मेडिकलच्या दुकानात उभी असते मी. संध्याकाळी आले की ताट वाढून झाकून ठेवलेलं असतं. लोक म्हणतात, काय नशीब बाईचं. अगं, मी माझ्या घरात जेवायला येते. पाहुणी येते तशी. मोनालीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती आत्याकडं गेली. मला चार दिवसांनी कळलं, आणि तेही दोरीवरचे कपडे बघून."

"योगिनी, नक्को अब," अमिना हळू म्हणाली आणि तिच्या मनगटावर हात ठेवला.

"का नक्को? एकदा बोलू दे. नेऊ दे ना त्यांना कुणी तरी. शिवाभाऊ नेत असतील तर शिवाभाऊंनी न्यावं. पण न्यावं."

हे बोलून झाल्यावर तिला भान आलं. अमिना तिच्याकडं बघत नव्हती, परातीकडं बघत होती. कनात वाऱ्यानं जराशी फुगली आणि बसली. पलीकडं काही हललं नाही. मग मशीन पुन्हा सुरू झालं, आणि ते सुरूच राहिलं, मध्ये धागा बदलायलाही थांबलं नाही.

"ये क्या किया तुम," अमिना म्हणाली.

योगिनीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आणि त्याच वेळी तिला भयंकर रागही आला, की एवढी जीभ असलेली बाई कनात बाजूला सारून दोन शब्द सुनवायला का येत नाही.

आक्का आली ती साडेपाचला. हातात मंडपाच्या दाराची झालर होती, घडी घातलेली.

"झालर झालीय. दोन ठिकाणी टाके सैल हायेत. तुम्ही बघून घ्या."

तुम्ही. चोवीस वर्षांत योगिनीनं आक्काच्या तोंडून स्वतःसाठी हा शब्द ऐकला नव्हता.

त्यानंतर जे सुरू झालं त्यापेक्षा भांडण परवडलं असतं. भाजीत तिखट किती घालू, आक्का विचारायला आली. पाहुण्यांना चहा आत्ता द्यायचा की थोड्या वेळानं, विचारायला आली. लासूरच्या मावशीला गादी द्यायची की सतरंजी. दूध कुठल्या पातेल्यात तापवू. दर वेळी दारात उभी राहायची, आवाज खाली, नजर खाली, आणि उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही. योगिनी म्हणायची, "तुम्हाला वाटेल तसं करा ना आक्का," आणि आक्का म्हणायची, "तसं नाय, घर तुमचं हाये." तासाभरात सतरा पाहुण्यांचं घर ठप्प झालं. योगिनीला दुधाचं पातेलं कुठलं ते खरंच माहीत नव्हतं, आणि हे तिला आक्काच्या समोर कबूल करावं लागलं.

"काय झालं गं हिला?" बानाबाईंनी विचारलं. "ताप-बीप आला का?"

अजून एकच आशा होती. शिवशंकरनं ऐकलं असेल, तो जर मनातून हलला असेल, तर त्यालाच पुढं घालावं. उजेड होता तोवर ती मंडपात गेली. तो मंडपाच्या लाकडी घोड्यावर चढून माळा बांधत होता. दाताखाली सुतळी, कानावर पेन्सिल.

"शिवाभाऊ, जरा खाली येता का? बोलायचंय."

"त्या खेळाचं का?" त्यानं सुतळी तोंडातून काढली. "हनम्यानं सांगितलं मला सगळं. पाच मिनिटं पण टिकला नाय. फारूखभाईशी बोलायचं म्हणून तोंड माझ्याकडं करून उभा राहिला, आन् पाठ केल्यासारखं म्हणतो, आमची आक्का तुझ्यासाठी झुरू लाली. मी म्हटलं, कुणी पाठवलं रे? तर म्हणे योगिनीनं."

योगिनीनं डोळे मिटून घेतले.

तो सावकाश खाली उतरला. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीची मिस्किली नव्हती. "वहिनी, हे करायच्या आधी मला एकदा इचारायचं तरी."

"तुम्ही काय सांगितलं असतंत? तुमचं तर त्यांच्याशी एका वाक्यात भांडण होतं."

"मी सांगितलं असतं, की मी तिला इचारलेलं हाये."

"काय विचारलेलं आहे?"

"लग्नाचं. सहा वर्षं झाली. मुंजाबाकाका अंथरुणाला टेकले होते त्या साली. सरळ इचारलं, हितंच, तुमच्या ओट्यावर."

"मग?"

"नाय म्हणली. म्हणली, बाप अंथरुणात, पोरगी बारावीला, भावजय दिवसभर दुकानात. मी उठून गेले तर हे घर बसंल. आन् म्हणली, परत इचारू नको, मला दुसऱ्यांदा नाय म्हणता यायचं नाय." त्यानं कानावरची पेन्सिल काढली, बघितली, पुन्हा ठेवली. "मग नाय इचारलं."

"मग भांडता कशाला एवढे?"

"बोलायला काय तरी पायजे ना, वहिनी."

तो पुन्हा घोड्यावर चढला. योगिनी तिथंच उभी राहिली. तिला ते साल चांगलं आठवत होतं. त्याच वर्षी तिनं हनुमानला म्हटलं होतं, की मी दुकान सोडते, घरी राहते, लेकीची बारावी आहे. आणि हनुमान म्हणाला होता, आक्का आहे की घरात, तू कशाला चांगली नोकरी सोडतेस? म्हणून तिनं नोकरी सोडली नव्हती, आणि म्हणून आक्काही गेली नव्हती. दोघींनी एकमेकींसाठी एकमेकींचं घर अडवून धरलं होतं, आणि तोंडानं कुणी बोललं नव्हतं. ह्याच्यावर रडावं की डोकं आपटावं, ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनालीच्या शालूचा फॉल-पिको आणायला गुलमंडीला जायचं होतं. दुकान आक्काच्या ओळखीचं, आणि आक्का म्हणाली, "तुम्ही बरोबर असल्याशिवाय मी जाणार नाय. तुमच्या लेकीचा शालू हाये." दोघी रिक्षात बसल्या. पैठण गेटच्या अलीकडं रिक्षा अडकली ती हलेना. लग्नसराई, चारी बाजूंनी गाड्या.

मग आक्का समोर बघत म्हणाली, "पिठात आळ्या होत्या."

"काय?"

"चकलीच्या. भाजणीचा डबा तू माहेराहून आणला होतास. तुला दिसल्या नाय. नवीन होतीस, घाबरलेली. आईनं बघितलं असतं तर दिवाळीभर पुरवून पुरवून बोलली असती. म्हणून मी ते शेजारच्या कोंबड्यांना घातलं आन् दुसरं भिजवलं."

"मग मला सांगायचं ना."

"काय सांगू? तुझ्या आईच्या डब्यात आळ्या निघाल्या? पहिल्या दिवाळीला?"

चोवीस वर्षं जपून ठेवलेला राग असा पैठण गेटला हातातून जाईल असं योगिनीला वाटलं नव्हतं, आणि तो गेल्याचाही तिला राग आला.

"मोनालीचं मात्र मला उत्तर देता येत नाय," आक्का म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. "ते मी त्याच दिवशी तुला सांगायला पायजे होतं. नाय सांगितलं. ती आधी माझ्याकडं आली ना, त्याचं मला लई बरं वाटलं होतं. म्हणून चार दिवस ते माझ्याजवळच ठेवलं. तेवढं चुकलं."

रिक्षावाल्यानं आरसा जरा तिरका केला. योगिनीनं त्याच्याकडं बघितलं तसा त्यानं तो सरळ केला.

"शिवाभाऊंनी विचारलं होतं, ते मला का नाही सांगितलंत?"

आक्काची मान पहिल्यांदा वळली. "त्यानं सांगितलं?"

"काल. मीच गेले होते विचारायला."

"त्याला काय एक गोष्ट पोटात राहत नाय."

"सहा वर्षं राहिली की. आक्का, मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"नोकरी सोडली असती."

"म्हणूनच." आक्का पुन्हा समोर बघायला लागली. "मी एकदा घर सोडून आले तेव्हा माझ्या हातात काय नव्हतं. बसचं तिकीट एका बाईनं काढून दिलं. तू सकाळी पर्स घेऊन दुकानात जायचीस ते मला बघायला आवडायचं. ते माझ्यापायी बंद व्हावं असं मला वाटत नव्हतं. आता तू म्हणतेस, पाहुणी झालीस. ते मला कधी दिसलं नाय. तुला दिसलं होतं तर तू एकदा तरी म्हणायचंस, योगिनी. कनातीआडून नाय. तोंडावर."

"तुमच्या तोंडावर बोलायची कुणाची हिंमत आहे का घरात?"

आक्का हसली नाही, पण तिच्या ओठांना काहीतरी झालं. "तेही खरंय."

"मग आता? आता तर मोनालीही चालली. आता हो म्हणाल का त्यांना?"

"आता वय झालं. लोक हसतील. आन् आई हाये. आई मला सोडायची नाय." ती जरा थांबली. "आईनं नुसतं नाय म्हटलं ना, की माझे पाय उचलत नाय. मला माहीत हाये माझं. त्या साली बी तेच झालं असतं."

"मावशी, पुढं जाणार का इथंच उतरता?" रिक्षावाला म्हणाला. "गुलमंडी चालत दोन मिनिटं आहे. आणि माझं विचाराल तर, हो म्हणा."

आक्कानं त्याला जे सुनावलं ते ऐकून योगिनीला दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

लग्न व्यवस्थित पार पडलं. मोनाली गेली, तिला निरोप देताना आक्का आणि योगिनी दोघींच्या गळ्यात ती एकदमच पडली, त्यामुळं कुणाकडं आधी गेली हा प्रश्न आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले. शिवशंकरची माणसं मंडप सोडवत होती. ओट्यावर उरलेली बुंदी आणि चहा घेऊन घरची माणसं बसली होती, अमिनाही होती. आणि तिथं हनुमाननं, कुणी विचारलेलं नसताना, योगिनीकडून कळलेलं सगळं आईला सांगून टाकलं. शिवानं आक्काला मागं विचारलं होतं, आक्का नाही म्हणाली होती, आणि आता काय हरकत आहे.

योगिनीनं त्याच्याकडं बघितलं. ह्या माणसाला आपण चोवीस वर्षं कसं सहन केलं, असा प्रश्न तिला पडला. पण बोलणं होऊन गेलं होतं.

बानाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. "ह्या वयात?"

शिवशंकर दोरी गुंडाळत होता, त्याचे हात थांबले.

"मही लेक हाये ती. मह्या म्हातारपणी मला टाकून बिडकीनला जायची का? हनुमानचा बाप असता तर असं बोलायची कुणाची छाती नसती. जायचं तर जाय, बाई. मला आधी लासूरला नेऊन सोडा. तिथं कुणी तरी पाणी पाजंल." आणि त्या पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. रडणं खरं होतं, त्यात काही नाटक नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्यापुढं कुणाचं काही चालणार नव्हतं.

"आई, नको रडू," आक्का म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "कुठं जात नाय मी. बस तू."

शिवशंकरनं मान हलवली, जणू त्याला हेच ऐकायचं होतं, आणि तो दोरी खांद्यावर टाकून टेम्पोकडं वळला.

योगिनीनं त्याची पाठ बघितली. आक्काचे पाय बघितले; चपला घातलेल्या, ओट्याला खिळल्यासारखे. तीन दिवसांपूर्वी रागाच्या भरात निघालेलं वाक्य तिला आठवलं, आणि आता ते शांतपणे, समोर, सगळ्यांच्या देखत म्हणावं लागणार हे तिच्या लक्षात आलं. ते म्हटल्यावर नात्यागोत्यात आपलं नाव काय पडेल तेही तिला स्वच्छ दिसलं.

"आई," ती सासूला म्हणाली, "आक्कांनी इथं राहू नये असं मला वाटतं."

हनुमाननं वर बघितलं. "काय बोलतेस?"

"चोवीस वर्षं मी दुसऱ्याच्या हातचं घर वापरलं. आता मला माझं हवं आहे. तुम्ही राहा, आई. तुमचं सगळं मी करीन, गरज पडली तर दुकान अर्धा दिवस करीन. पण आक्का नकोत. मला त्या इथं नकोत."

बानाबाईंचं रडणं एकदम थांबलं. त्यांनी पदर खाली घेतला आणि सुनेकडं बघितलं, आणि ती नजर योगिनीला पुढं कितीतरी महिने सोसावी लागणार होती. अमिनानं तोंडावर हात धरला. पण ती योगिनीकडं बघत होती, आणि ह्या वेळी तिनं नक्को म्हटलं नाही.

"ऐकलंस, आई?" आक्का म्हणाली. तिचा आवाज कापरा होता. "भावजयीनं चार माणसांत काढलं मला. आता मी ह्या घरात घास कसा गिळू?"

"ती कोण काढणारी?" बानाबाई म्हणाल्या. "घर मह्या लेकाचं हाये."

"लेकाचं म्हणजे तिचंच. नाय आई. अपमान करून घेऊन राहायची मी नाय, तुला माहीत हाये." ती उठली. उठताना तिनं आधारासाठी हात टेकला तो योगिनीच्या खांद्यावर, आणि तो गरजेपेक्षा क्षणभर जास्त तिथं राहिला. बोटं इतकी जोरात रुतली की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं. मग ती ओट्यावरून खाली उतरली आणि टेम्पोच्या दिशेनं चालायला लागली.

ओट्यावरून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. शिवशंकर दोरी टाकून उभा राहिलेला दिसला. आक्का हात हलवून काहीतरी सांगत होती, तो मान हलवत नाही म्हणत होता, मग ती आणखी मोठे हात करून सांगत होती. भांडत होते बहुतेक. बराच वेळ भांडले. मग तो टेम्पोच्या मागच्या उघड्या फाळक्यावर मटकन बसला, आणि ती त्याच्या शेजारी बसली, मध्ये एक सतरंजीची गुंडाळी ठेवून.

श्रावण संपल्यावर दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. बानाबाई आल्या, पण फोटोत योगिनीच्या शेजारी उभ्या राहिल्या नाहीत. लासूरच्या मावशीनं फोन करून सांगितलं, की चार गावांत चर्चा आहे, भावजयीनं सोन्यासारखी नणंद घालवली. आक्कानंही, जे कुणी विचारायला आले त्यांना, तोंड पाडून तेच सांगितलं. इतकं चांगलं सांगितलं की हनुमान एका दुपारी बायकोला म्हणाला, तू तिची माफी तरी माग.

निघायच्या दिवशी शिवशंकर बाहेर मशीन टेम्पोत चढवत होता. आक्का आत आली, बानाबाईंच्या पाया पडली, मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. योगिनी पोळ्या लाटत होती.

"जरा हळू बोलली असतीस तरी चाललं असतं," आक्का म्हणाली. "एवढं चार माणसांत."

"हळू बोलले असते तर तुम्ही थांबला असतात."

आक्कानं त्यावर विचार केला. मग तिनं तव्यावरच्या पोळीकडं बघितलं, ती जळत होती, आणि पहिल्यांदाच तिनं ती उलटायला हात पुढं केला नाही.